श्रेणी : मध्यम

चाक माझ्या हातात, लांब दांडीचं,
दर मीटरला टक् म्हणणारं.
अंजनेरीच्या पायवाटेवर फलक लागायचेत :
अंतर, वेळ, श्रेणी.
सोपी, मध्यम, कठीण. यांपैकी एकावर खूण करा.

सातपूरहून पहिल्या बसने आले.
नाक्यावर भिवा लहांगे उभा, रोजंदारीवरचा,
एका हातात चुन्याचा डबा,
दुसऱ्यात झिजून बोटभर उरलेला ब्रश.
मी मोजायचं, त्याने दगडांवर बाण काढायचे,
असं कागदावर ठरलेलं.

चाक शून्यावर आणलं.
टक्.

पहिल्या चढाला त्याने विचारलं,
"उतार येगळा मोजनार का?"
म्हटलं, अंतर तेवढंच असतं.
तो काही बोलला नाही. एका दगडावर बाण काढला,
दोन पावलं मागे सरकून पाहिला.
बाण जरासा डावीकडे झुकला होता.
तसाच ठेवला.

चारशे बारा. कारवीच्या वाळक्या काठ्यांत वाट शिरते
आणि चाकाला गवत गुंडाळतं.
मी उकिडवी बसून आसातली कुसळं उपसते,
तो कोयत्याच्या टोकाने मदत करतो.
"ही फुलली तवा माझी थोरली रांगत व्हती.
आता फुलंल तवा..."
बोटं मोजायला लागतो
आणि तिसऱ्या बोटावर सोडून देतो.

अठराशे सेहेचाळीस. कातळाच्या सावलीत पाणी प्यायलो.
कागदावर पुढचा रकाना : लागणारा वेळ, सरासरी.
मी घड्याळ बघितलं.
"कुनाला?" तो म्हणाला.
म्हणजे?
"म्हंजे मोळी घेऊन उतरनाऱ्या बाईला,
का ऐतवारी फोटो काढत येनाऱ्या पोरांना?
गुरामागं आलं तर दिस जातो.
पावसाळ्यात आमची गुरं वरच असायची, आई बी वरच.
एकदा तिचा पाय मोडला.
घोंगडीच्या झोळीतनं आनली, चौघांनी, ह्याच वाटंनं.
सारा उतार शिव्या देत व्हती चौघांना."
हसला. ब्रश चुन्यात बुडवला, निथळू दिला.
"तवा वाट लई लांब व्हती."

मी रकान्यात अडीच तास लिहिलं.
पेन थोडा वेळ तिथंच ठेवलं.

वर पठारावर वारा सरळ अंगावर आला.
पिवळं पडलेलं गवत एकाच अंगाला निजलेलं,
आणि मध्येमध्ये उघडा, गुळगुळीत काळा दगड.
एक गिधाड आमच्यावरून गेलं.
त्याची सावली चाकावरून सरकली
आणि कड्याखाली उतरली, वाट न विचारता.
मी तिकडेच बघत चालत राहिले.
भिवाने हाक मारली तेव्हा आकड्याकडे लक्ष गेलं :
तेवीसशे सात.
मघाशीही तेवीसशे सातच होतं.
चाक दगडावरून नुसतं घसरत होतं, न फिरता,
कितीतरी वेळ, आणि आम्ही चालत होतो.

"मागं जायचं का?"
मागे पाहिलं. कुठून मागे, ते कळेना.
गवत उठून उभं राहिलेलं,
पावलांची कुठंच खूण नाही.
कागदावर आकडा लिहिला, पुढे लिहिलं : अंदाजे.
मध्यम या शब्दावर खूण केली.
भिवा वाकून अक्षर अक्षर लावत वाचू लागला :
म, ध्य, म.
"म्हंजे?"
सोपी नाही, कठीण नाही.
त्याने गुडघा चोळला. "कुनाचं तरी बरोबर येनारच."

उतरताना ऊन समोरून होतं.
सकाळचे सगळे बाण वाळून पांढरेफेक झालेले,
सगळे वर जाणारे,
म्हणून आता एकेक वळणावर आमच्यावरच रोखलेले.
जणू आम्हीच चुकीच्या दिशेने चाललोय.
मी हे बोलून दाखवलं नाही.
तो दर दगडाशी किंचित थांबत होता.

नाक्याच्या वर, शेवटच्या वळणाला,
डब्यात तळाशी थोडा चुना उरला होता.
पहिल्या दगडाच्या मागल्या अंगाला बसून
भिवाने तो संपवला :
एक बाण, खाली, गावाकडे.
हा मात्र सरळ आला.

तो मी अहवालात धरलेला नाही.